रोजकीर्द, खतावणी आणि सांधा : जन्मभर लिहीत राहू इच्छिणाऱ्यांसाठी

दर रविवारी सकाळी आमच्या घरी पाच-सहा जण वह्या घेऊन येतात. एक जण बँकेत आहे, दोघी शाळेत शिकवतात, एक मुलगा यंत्रमागावर रात्रपाळी करून थेट इकडेच येतो, आणि एक आजी नातवाला क्लासला सोडून तास-दीड तास बसतात. पहिल्या भेटीत जवळजवळ प्रत्येकाने मला एकच विचारलं आहे : "सुरुवात होते हो, पण टिकत नाही. काय करायचं?"

हा लेख त्या प्रश्नापुरता आहे. कथा कशी रचावी, कविता कशी असावी, हे सांगणारे माझ्याहून जाणते लोक आहेत. लिहिणं वर्षानुवर्षं चालू कसं ठेवायचं, हे मात्र मी पस्तीस वर्षं करत आले आहे. त्यातली एकोणतीस वर्षं मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहीत होते. दिवसभर आकडे आणि डबा खाल्ल्यावर वीस मिनिटं स्वतःचं लिखाण. लिहिण्याबद्दल मला जे कळलं ते बहुतेक त्या कारखान्यातच कळलं, म्हणून शब्दही तिथलेच येतील.

पहिला आठवडा : लिहू नका, दिवस बघा

नवीन माणूस वही आणतो, पहाटे पाचचा गजर लावतो आणि चौथ्या दिवशी थकतो. पहाटेत दोष नसतो. त्याच्या घरातली पहाट त्याची नसतेच. डबे असतात, आणि आमच्याकडे पाण्याची पाळी असते. ज्या दिवशी नळाला पाणी, त्या दिवशी घरातलं बाकी सगळं मागे पडतं, हे सोलापुरात कुणाला सांगावं लागत नाही.

म्हणून पहिला आठवडा फक्त टिपून ठेवा : कोणत्या वेळी वीस मिनिटं तुमच्यावाचून कुणाचं अडत नाही? ती वेळ रोज हमखास घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला बांधा. दुसरा चहा, डबा खाऊन झाल्यावर, मुलाला आणायला जाऊन गेटबाहेर थांबता ती दहा-पंधरा मिनिटं. पाण्याच्या पाळीला बांधू नका, ती बदलते. रात्री जेवणानंतरची वेळ मी दोन वर्षं करून पाहिली. माझ्या वहीत त्या काळातली कितीतरी वाक्यं शेवटी तिरकी होत होत खाली घसरलेली आहेत.

उन्हाळ्याचा वेगळा विचार करा. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो, दुपारी पत्र्याच्या घरात पंख्याखाली बसूनही कागदाला घाम लागतो. ते दोन महिने वेळ सकाळी साडेसहाच्या आत आणा आणि मृग लागला की पुन्हा जागेवर न्या. वर्षभर एकच वेळ पाळली पाहिजे असा हट्ट धरणारे बरेच जण मे महिन्यातच सोडून देतात.

किती लिहायचं

आमच्या जुन्या वाड्यात शेजारी तेलुगू कुटुंब होतं. त्यातल्या अक्का विड्या वळायच्या. मांडीवर सूप, त्यात भिजवून कापलेली पानं आणि तंबाखू. पान घ्यायचं, चिमूट टाकायची, वळायचं, दोऱ्याचा वेढा द्यायचा, नखाने तोंड दाबायचं. बोलता बोलता हात चालू. दिवसाला हजार. मी शाळेत असताना त्यांना विचारलं होतं, की हजारापर्यंत मोजताना चुकत नाही का? त्या म्हणाल्या, "हजार कोण मोजतं? कट्टा मोजायचा." कट्टा म्हणजे पंचवीस विड्यांची जुडी. असे चाळीस कट्टे झाले की दिवस भरला.

पुस्तक मोजू नका. तुमचा कट्टा ठरवा. मी दहा ओळी सांगते. हाताने लिहिलेल्या दहा ओळी, यापेक्षा जास्त झाल्या तर आनंद, पण उद्याच्या दहा त्याने फिटत नाहीत. अक्कांच्या घरी लग्न असो, ताप असो, त्या दिवशी कट्टे कमी व्हायचे, पण सूप मांडीवर यायचं. सुरुवातीचे तीन महिने एवढंच बघा, की सूप मांडीवर आलं का.

रोजकीर्द

हिशेबात दोन मुख्य वह्या असतात. रोजकीर्दीत आज जे घडलं ते आजच, घडलं त्या क्रमाने उतरवायचं. खतावणीत तेच नंतर खात्याखात्याने वेगळं करायचं. थेट खतावणीत कोणी लिहीत नाही, कारण मग काय सुटलं ते कळतच नाही. नवा लेखक नेमकं हेच करतो. तो पहिल्या दिवशी कादंबरीचं पहिलं प्रकरण लिहायला बसतो. खातं उघडतो, पण नोंदायला काही जमा नसतं.

तर आधी रोजकीर्द. ती अशी ठेवा.

दोनशे पानी लाँगबुक घ्या, शिवलेल्या बांधणीचं. नव्या पेठेतल्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळेल. स्प्रिंगची वही नको, पान सहज फाडता येतं आणि फाडावंसं वाटतं. भारी चामडी बांधणीची डायरी तर मुळीच नको. तिच्यात चांगलंच लिहिलं पाहिजे असं वाटून हात आखडतो. पेन साधं बॉलपेन. जेल पेनाची शाई घामाच्या हाताने पसरते, आणि स्वस्त कागदावर शाईच्या पेनाची शाई फुटते. वहीच्या पाठीवर क्रमांक घाला, आत प्रत्येक पानाला क्रमांक द्या. हे पान क्रमांक पुढे फार उपयोगी पडणार आहेत, कंटाळू नका.

पानाच्या वर तारीख, वार, जागा. मग दहा ओळी : आज काय पाहिलं, काय ऐकलं. चुकलं तर एकच रेघ मारून खोडा, खालचं वाचता आलं पाहिजे. हिशेबाच्या वहीत गिरवून काळं करायची मुभा नसते, तीच शिस्त इथे ठेवा. कितीतरी वेळा खोडलेला शब्दच बरोबर होता असं दहा वर्षांनी दिसतं. उजवीकडे दोन बोटं समास सोडा.

दहा ओळींत काय लिहायचं, यावर रविवारी सर्वांत जास्त वेळ जातो. शाळेतल्या एक बाई पहिल्या आठवड्यात लिहून आल्या : "आज ऊन फार होतं. जीव नकोसा झाला." खरं आहे, पण हे वाचून पाच वर्षांनी त्यांना स्वतःलाही तो दिवस आठवणार नाही. मी त्यांना विचारत गेले. कुठे होता? कशाने आला? रिक्षाने. रिक्षा कशी होती? मग त्यांनी तिथेच बसून लिहिलं : "दुपारी अडीच, सात रस्ता. रिक्षावाल्याने सीटवर ओला टॉवेल अंथरला होता. बसले तेव्हा ओला होता. उतरले तेव्हा कोरडा." हा तो दिवस. यात ऊन हा शब्दही नाही.

काही सुचत नसेल तर मंगळवार बाजारात एक चक्कर मारा आणि परत येऊन तीन वाक्यं लिहा, जशी कानावर पडली तशी. किंवा एखादं काम करताना हात बघा. कडक भाकरी घ्या. रोजच्या भाकरीपेक्षा पातळ थापलेली, तव्यावरून काढून आचेशी उभी ठेवलेली, ओल सगळी गेली की कागदासारखी वाजणारी, आणि फडक्यात बांधून ठेवली की कितीतरी दिवस टिकणारी. ती करणाऱ्या बाईला भाकरी झाली हे कशावरून कळतं? रंगावरून, वासावरून, की वाजवून? विचारा आणि लिहा. असल्या प्रश्नांचा साठा कधी संपत नाही.

सांधा

या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

मागावरचा ताणा, म्हणजे उभा धागा, बीमवर, म्हणजे मोठ्या रुळावर, गुंडाळलेला असतो. विणत विणत बीम संपत येतं. त्यातला एकेक धागा वहीतून आणि फणीतून ओवलेला असतो. (वही हा शब्द यंत्रमागालाही आहे, वहीफणी : वही धागे वर-खाली करते, फणी ते सारख्या अंतरावर ठेवते. मला तो फार आवडतो.) बीम संपलं म्हणून शेवटपर्यंत विणून टोकं काढून टाकली, तर नव्या बीमचे हजारो धागे पुन्हा एकेक करून ओवत बसावे लागतील. म्हणून जाणता कामगार माग थोडा आधीच थांबवतो. जुन्या धाग्यांची टोकं फणीत तशीच राहू देतो. नवं बीम चढवतो, आणि नव्याचा एकेक धागा जुन्याच्या टोकाला गाठ मारून जोडतो.

आमच्या कारखान्यात हे काम करणारे एक काका होते. चहाच्या सुट्टीत मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहायची. ते बुटक्या स्टुलावर बसायचे, शेजारी वाटीत राख. डाव्या हाताच्या चिमटीत जुनं टोक, उजव्यात नवं. दोन्ही जवळ यायची, अंगठ्याने एक पीळ, आणि हात पुढच्या धाग्यावर. गाठ बसली का हे ते बघायचे नाहीत. बोटाला कळायचं. सगळं जोडून झालं की हाताने माग हळूहळू फिरवून गाठी फणीतून पार करायच्या, कुठे अडकली तर थांबायचं. मग बटण. पाच मिनिटांत नेहमीचा खडखडाट सुरू आणि बघणाऱ्याला कळायचंही नाही की बीम बदललं.

त्या दिवसांत मी लिहिताना रोज परिच्छेद पूर्ण करून उठायची. मनाला बरं वाटायचं. आणि रोज दुसऱ्या दिवशी पहिली दहा मिनिटं कोऱ्या पानाकडे बघण्यात जायची. वीसातली दहा. काकांना बघून मी उठायची रीत बदलली.

तुम्हीही बदला. लिहीत असताना, पुढचं काय ते माहीत असताना थांबा. पानाच्या तळाशी 'उद्या' असं लिहा आणि पुढे एक टोक सोडा. ते टोक तीन प्रकारचं असू शकतं. अर्धं वाक्य, जे तुम्हाला पुरं करता येतं पण करत नाही. एखादा प्रश्न, ज्याचं उत्तर लिहायचं आहे : "मावशी त्या दिवशी दारातूनच का परतली?" किंवा नुसती एक वस्तू : "पितळी डबा". भावना लिहून ठेवू नका. 'उद्या : आईबद्दलची माया' असं लिहिलं तर सकाळी हातात काही येत नाही. डबा हातात येतो.

दुसऱ्या दिवशी सुरुवातीपासून वाचत येऊ नका. फक्त शेवटच्या पाच-सहा ओळी वाचा, टोक उचला, पीळ द्या, चालू पडा. सुरुवातीपासून वाचलं की माणूस दुरुस्त्या करत बसतो आणि वीस मिनिटं संपतात.

तुटतंच, मग काय करायचं

धागा मागावर रोज तुटतो. माग थांबतो, कामगार येतो, टोक शोधतो, गाठ मारतो, माग चालू होतो. एक धागा तुटला म्हणून कुणी टॉवेल फेकून देत नाही. लिहिणाऱ्याचं मात्र आठ दिवस चुकले की तो म्हणतो, माझं काही खरं नाही, आणि मग खरोखरच वर्षभर लिहीत नाही.

माझं सर्वांत मोठं तुटणं दोन वर्षं सात महिन्यांचं. सासूबाईंना अर्धांगवायू झाला. घर, नोकरी, त्यांचं सगळं अंथरुणावर. त्या काळात मी अक्षर लिहिलं नाही आणि त्याचं दुःखही करायला वेळ नव्हता. त्या गेल्यावर मी परत सुरुवात करायला गेले ती चुकीच्या पद्धतीने. नवी वही आणली. मधल्या काळाचं सगळं लिहून काढायचं ठरवलं. दोन पानांवर अडकले, रडले, वही कपाटात टाकली. असं तीनदा झालं.

चौथ्यांदा मी जुनीच वही काढली. शेवटच्या लिहिलेल्या ओळीखाली, एकही ओळ न सोडता, आडवी रेघ मारली. तारीख घातली. लिहिलं : "मध्ये दोन वर्षं सात महिने. आज दूध नासलं." मग दूध कसं नासलं, त्याचं पनीर करावं की टाकावं यावर मी आणि माझी मुलगी काय बोललो, ते लिहिलं. दुसऱ्या दिवशी पुढचं. सासूबाईंवर मी लिहिलं, पण चार वर्षांनी, आणि तेव्हा ते आपणहून आलं.

तेव्हा परत येताना : जुनीच वही, त्याच पानावर. मधल्या रिकाम्या काळाचा हिशेब द्यायचा नाही. पहिले तीन दिवस पाचच ओळी. पहिला महिनाभर मागच्या वह्या वाचायच्या नाहीत, कारण त्यातलं बरं लिहिलेलं वाचून धीर सुटतो. आणि घरात आजारपण चालूच असेल, खरोखर वीस मिनिटंही नसतील, तर भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेच्या चौकटीत, दुधाच्या हिशेबाशेजारी, चार शब्द लिहा. "सलाईन. पाऊस. भाऊ आला." मी हे केलं नाही याची मला आजही हळहळ आहे. त्या दोन वर्षांतला त्यांचा आवाज माझ्याकडे कुठेच नाही.

महिनाअखेर खतावणी

महिन्याच्या शेवटच्या रविवारी तासभर काढा. पेन्सिल घेऊन महिन्याची रोजकीर्द चाळा. समासात एकेक शब्द लिहा, ती नोंद कशाबद्दल आहे त्याचा. मग वेगळ्या वहीत खाती उघडा. माझी काही खाती सांगते : पाणी, सासूबाई, कारखाना, रस्त्यावरचं बोलणं, हुरडा, गड्डा. प्रत्येक खात्यात मजकूर उतरवायचा नाही. फक्त वही क्रमांक, पान क्रमांक आणि तीन शब्द. "वही ७, पान ११२, ओला टॉवेल रिक्षा."

पहिल्या वर्षी यातून काही दिसणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एखाद्या खात्यात वीस-पंचवीस नोंदी झालेल्या असतील आणि तुम्ही ज्याला विषय समजत नव्हता तोच तुमचा विषय आहे हे कळेल. माझं 'पाणी' खातं असंच फुगलं. कळशी, टँकर, मोटार, शेजारणीशी भांडण, पाणी आलं म्हणून मध्येच सोडलेलं साखरपुड्याचं जेवण. त्यातून मला तीन लेख आणि एक कथा मिळाली. बसून विषय शोधला असता तर पाणी हे नाव मी कधीच लिहिलं नसतं.

यासोबत वर्षाचं एक पान ठेवा. दरवर्षी त्याच दिवशी, त्याच गोष्टीवर. माझं पान गड्ड्याचं आहे. जानेवारीत संक्रांतीला सिद्धरामेश्वरांची यात्रा असते, तिलाच आम्ही गड्डा म्हणतो, शहरातून सात नंदीध्वज निघतात, पांढरी बाराबंदी घातलेले लोक त्या उंच काठ्या पेलत चालतात, सम्मती कट्ट्यावर अक्षता पडतात. "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" हा गजर मला लहानपणापासून पाठ आहे, त्यामुळे मी तो ऐकतच नव्हते. वर्षातून एकदा लिहायचं म्हटल्यावर ऐकू लागले. आज माझ्याकडे अशी सत्तावीस पानं आहेत. एका पानात बापाच्या खांद्यावर बसलेला मुलगा आहे, सतरा वर्षांनंतरच्या पानात तोच बाराबंदी घालून काठीखाली. त्याच आठवड्यात १२ जानेवारी येते. १९३१ साली त्या दिवशी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना येरवड्यात फाशी दिलं गेलं. माझे आजोबा १९३०च्या सोलापूरच्या मार्शल लॉची गोष्ट सांगायचे ती मी तेव्हा उतरवून घेतली नाही. तुमच्या घरी कुणी ऐंशी-नव्वदीचं असेल तर हा महिना संपायच्या आत त्यांच्याजवळ वही घेऊन बसा.

सिद्धरामेश्वरांचं आणखी एक मला या कामात फार जवळचं वाटतं. बाराव्या शतकातला हा माणूस तळं खोदवून घेत होता आणि कन्नडमध्ये वचनंही रचत होता. वचन छोटं असतं आणि शेवटी कवीची खूण येते, त्यांची 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन'. वचनं रचणारे सगळे दिवसभर आपापलं काम करणारे लोक होते, आणि वचन एका बसणीत पुरं होईल एवढंच. आपल्या दहा ओळींना ते फार मोठं आश्वासन आहे.

कुठल्या मराठीत लिहायचं

कानावर येईल त्या. आपल्या गावात एका गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी ऐकू येते, आणि आपली मराठी त्या सगळ्यांनी मिळून घडवलेली आहे. "काय करूलालास बे?" हे रोजकीर्दीत "काय करतो आहेस?" असं लिहिलंत तर माणूस बदलला. रोजकीर्दीत शुद्ध करायचंच नाही. पक्का मजकूर करताना ठरवा. माझं मत असं, की बोलणं जसंच्या तसं ठेवावं आणि निवेदन ज्या भाषेत तुम्ही विचार करता तिच्यात. फक्त एक पाळा : बोली हसू आणण्यासाठी वापरू नका. ज्यांच्या तोंडी ती आहे ते लोक तुमच्या लेखात जगत आहेत, त्यांची गंमत करायला तुम्ही त्यांना बोलावलेलं नाही.

वाचन

थोडं आणि रोज. हिराचंद नेमचंद वाचनालयाचं सभासद व्हा, पुस्तक परत करायची तारीख असते म्हणून वाचून होतं. आठवड्यातून एकदा आवडलेला एक परिच्छेद हाताने उतरवून काढा. डोळ्यांना न दिसलेले स्वल्पविराम हाताला कळतात. आणि वयाची काळजी वाटत असेल तर हे बघा : सोलापूरचे त्र्यं. वि. सरदेशमुख यांना 'डांगोरा एका नगरीचा' या कादंबरीसाठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा २००३ साल होतं. जन्म १९१९चा.

सोबत

दोघं-तिघं पुरेत. घरच्यांना रोजकीर्द दाखवू नका, ते त्यात स्वतःला शोधतात आणि मग तुम्ही जपून लिहू लागता. आमच्या रविवारचे नियम सांगते. वाचणारा मोठ्याने वाचतो, आधी प्रस्तावना करत नाही. ऐकणारे 'छान' म्हणत नाहीत. प्रत्येकाने दोनच गोष्टी सांगायच्या : मला कुठे दिसलं आणि मी कुठे हरवलो. वाचणाऱ्याने उत्तर द्यायचं नाही, समासात टीप करायची. रात्रपाळीचा मुलगा पहिले चार महिने काहीच वाचत नव्हता, नुसता ऐकायचा. आम्ही विचारलं नाही. पाचव्या महिन्यात त्याने बोलता बोलता वही उघडली.

टंकन आणि जपणूक

रोजकीर्द हातानेच. पक्का मजकूर मात्र टंकून ठेवा, आणि युनिकोडमध्येच. मी १९९८ ते २००८ पर्यंतचं बरंच लिखाण त्या काळच्या जुन्या फाँटमध्ये करून घेतलं होतं. संगणक बदलला, फाँट गेला, आणि उघडलं तर सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण जोडाक्षरं बिघडतात, ती एकेक तपासावी लागतात. नव्याने शिकणार असाल तर इनस्क्रिप्ट कळफलक शिका, महिन्याभरात हात बसतो. मोबाइलवर बोलून लिहिण्याची सोय आहे ती आता मराठी बरीच ओळखते, ज्यांचे हात थरथरतात त्यांना फार उपयोगी. विरामचिन्हं मात्र स्वतः घालावी लागतात.

फाइलला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग विषय. 'नवीन', 'नवीन शेवटचं', 'एकदम शेवटचं' अशी नावं देऊ नका. एक प्रत स्वतःच्या मेलवर, एक पेनड्राइव्हवर. वह्यांच्या पानांचे दर महिन्याला मोबाइलवर फोटो काढा. कपाट भिंतीला टेकवून ठेवू नका आणि वह्या सगळ्यात खालच्या कप्प्यात नको. माझी पाचवी वही वाळवीने आतून खाल्ली. वरून पुठ्ठा शाबूत होता.

पाठवणं

पहिलं वर्ष कुठेही पाठवू नका. त्यानंतर जरूर पाठवा, कारण दुसऱ्यासाठी मजकूर पक्का करताना जे शिकायला मिळतं ते वहीत मिळत नाही. मराठीत त्यासाठी दिवाळी अंकांसारखी सोय आहे. १९०९ साली का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून नवख्यांना ती एक वाट आहे. दिवाळीच्या तोंडावर पाठवून उपयोग नाही, आषाढ-श्रावणातच मजकूर पोचला पाहिजे. अंकाने दिलेली शब्दमर्यादा पाळा. एकच मजकूर एका वेळी दोन ठिकाणी पाठवायचा नाही.

आणि एकुलती एक प्रत कधीही हातची सोडू नका. २००२ मध्ये मी एका अंकाला बावीस पानांची हस्तलिखित कथा पाठवली. झेरॉक्स काढली नव्हती, घाई होती. कथा छापली नाही, परतही आली नाही, विचारल्यावर सापडत नाही म्हणाले. रागावून काही होणार नव्हतं. खतावणीत त्या कथेच्या मूळ नोंदी होत्या, वही आणि पान क्रमांकासह. त्यावरून मी ती पुन्हा लिहिली. चौदा पानांत बसली.

पाठवण्याची वेगळी नोंदवही करा, चार रकाने : काय पाठवलं, कुठे, कोणत्या तारखेला, काय झालं. 'काय झालं'च्या रकान्यात 'नाही' लिहिताना हात थोडा जड होतो. लिहा आणि त्याच दिवशी त्याच मजकुरासाठी पुढचा पत्ता दुसऱ्या रकान्यात टाका. हिशेबात येणं बाकी असतं, बुडीत शेवटी लिहितात.

पुढची वर्षं

चाळिशीत चष्मा लागतो, साठीत मनगट दुखतं. वहीच्या ओळी दोन-दोन सोडून मोठ्या अक्षरात लिहा, दहाऐवजी सहा ओळींचा कट्टा करा. आमच्या रविवारच्या आजी आता सांगतात आणि नातू लिहितो. तो मध्येच विचारतो, "आजी, शेणी म्हणजे?" मग त्या समजावून सांगतात आणि ते समजावणंही तो वहीत उतरवतो. त्यांची वही त्यामुळे जास्तच चांगली झाली आहे.

आज रविवार होता. सगळे गेल्यावर मी दहा ओळी लिहिल्या. पानाच्या तळाशी असं आहे :

उद्या : आजी चष्मा इथेच विसरल्या. त्याच्या एका काडीला पांढरा दोरा गुंडाळला आहे, विडीला गुंडाळतात तसा, आणि